घरातला मोडी कागद आणि इतिहास मंडळ : आमच्याकडे येणाऱ्यांसाठी थोडी माहिती

नमस्कार मंडळी. पुण्यात आमचं मोडी, म्हणजे मराठी लिहायची जुनी लिपी, वाचून द्यायचं छोटंसं दुकान आहे, दोन टेबलं, एक स्कॅनर, बाकी फार काही नाही. लोक पत्र्याच्या ट्रंकेतून, कापडी पिशवीतून, कधी चक्क पेपरात गुंडाळून कागद आणतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यात महाराजांचं काही आहे का हो?" बहुतेक वेळा नसतं. असतं ते गहाणखत, खरेदीखत, भाऊबंदकीतलं वाटणीपत्र, सावकाराची वही, नाहीतर कुठल्यातरी वतनाच्या भांडणाचा निवाडा. ते ऐकून पुष्कळांचा चेहरा पडतो. म्हणून हे पत्रक. आमचं म्हणणं एवढंच आहे की आम्हाला पैसे देण्याआधी एकदा सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात चक्कर मारून या, भरत नाट्य मंदिराजवळच आहे, आणि मग आपला कागद परत हातात घेऊन बघा.

"तिथे आम्हाला कोण आत घेणार, ते पीएचडीवाल्यांचं" हे आम्ही रोज ऐकतो. तसं काही नाही. मंडळ 7 जुलै 1910 ला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी सुरू केलं, आणि पहिल्यापासून तिथली पद्धत अशी की कुणाला काही नवीन कागद सापडला की तो चार लोकांसमोर वाचायचा, त्यावर बोलायचं, भांडायचं, आणि मग छापायचं. म्हणजे सभा, व्याख्यानं, संमेलनं हे सगळं नंतर जोडलेलं नाही, मुळातच आहे. राजवाडे स्वतः गावोगाव हिंडून दप्तरं, म्हणजे घराघरांतले जुने कागद, गोळा करायचे. वाईला एका वाड्यात त्यांना पानिपतच्या काळातली पत्रं मिळाली आणि त्यातून 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड निघाला, पुढे 22 खंड झाले. ज्या काळात त्यांनी वाड्यांतून हे कागद काढले त्या काळात असलं दप्तर किराणा दुकानात रद्दी म्हणून जायचं नाहीतर बंबात जायचं. आता बंब गेले पण रद्दीवाला आहेच, वाडा पाडून बिल्डिंग होताना माळ्यावरची ट्रंक सगळ्यात आधी त्याच्याकडे जाते.

आता एक गोष्ट सांगतो, जी आम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. 19 फेब्रुवारीला आपण सगळे शिवजयंतीची सरकारी सुट्टी घेतो ना, ती तारीख आली कुठून? जुन्या बखरींवरून बरीच वर्षं वैशाख शुद्ध द्वितीया शके 1549 म्हणजे 1627 सालचा जन्म धरला जायचा. मग भोर भागातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातून एक शकावली बाहेर आली. शकावली म्हणजे साधं काम, कुठल्या शकात, कुठल्या तिथीला काय झालं याच्या ओळीखाली ओळी, ना वर्णन ना कौतुक. लोकमान्य टिळकांनी ती 1916 साली मंडळाच्या चौथ्या संमेलनाच्या वृत्तात छापली आणि तिच्यात जन्म होता फाल्गुन वद्य तृतीया शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. त्यावर जो वाद झाला तो पुढे कितीतरी वर्षं चालला, शेवटी 2001 मध्ये राज्य सरकारने हीच तारीख मान्य केली. एका घरातलं बाड, एक संमेलन, एक छापील वृत्त, आणि अख्ख्या महाराष्ट्राचं कॅलेंडर बदललं. जेध्यांनी ती वही जपली नसती तर? म्हणून आम्ही म्हणतो की साधी वही आहे म्हणून टाकून देऊ नका, त्या शकावलीत पण दिसायला काही भपका नव्हता.

मंडळात बघायला काय आहे? कागद तर आहेतच, मोडी आणि फारसी मिळून पंधरा लाखांच्या घरात आहेत असं सांगतात, शिवाय हस्तलिखित पोथ्या, नाणी, जुनी चित्रं, शस्त्रं, ताम्रपट, मूर्ती. सगळं एका वेळी मांडलेलं असणार नाही हे उघड आहे, कुठल्याच संग्रहालयात नसतं. मुलांना घेऊन गेलात तर ती तलवारींपाशीच थांबतील, थांबू द्या. पण तुम्ही मात्र कागदांपाशी थांबा आणि आम्ही सांगतो तेवढं नीट बघा.

कागदाच्या वरती आणि खाली बघा. वरती मोठा शिक्का असेल, शिवाजी महाराजांच्या पत्रावर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' वाली मुद्रा असते ती सगळ्यांना पाठ आहे, पण मजकूर संपतो तिथे एक छोटा शिक्का असतो, 'मर्यादेयं विराजते'. म्हणजे इथे पत्राची मर्यादा संपली, याच्या खाली कुणी काही घुसडलं तर ते खोटं. आज आपण चेकवर आकड्यानंतर रेघ मारतो तेच काम. पेशवाईतल्या कागदांवर शेवटी 'लेखनसीमा' असतं. तुमच्या घरच्या कागदावर पण शेवटी असा शिक्का किंवा शब्द आहे का ते बघा, असेल तर आमच्याकडे आणताना तो भाग दुमडू नका प्लीज.

मग अक्षर बघा. मोडीत आधी डावीकडून उजवीकडे पूर्ण रेघ ओढून घ्यायचे आणि मग बोरूने तिला लटकवल्यासारखी अक्षरं काढत जायचे, शब्द तोडायचे नाहीत, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व दीर्घाचा पण हट्ट नाही. त्यामुळे आम्हाला एका पानाला वेळ लागतो, त्यावर कृपया रागावू नका. काळी शाई काजळ आणि डिंकाची, दोनशे वर्षांनी पण काळीभोर राहते, फक्त पाणी लागलं की संपलं. उजेडात कागद तिरका धरला तर कधी कधी अक्षरांवर बारीक कण चमकतात, ती शाई सुकवायला टाकलेली वाळू आहे, झटकू नका, धूळ नाही ती.

आणि निवाड्याचे कागद म्हणजे महजर कुठे मांडलेले दिसले तर साक्षीदारांच्या सह्या बघाच. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची नावं कारकुनाने लिहिली आणि शेजारी ज्याच्या त्याच्या कामाची निशाणी काढली, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचं किंकरं. अख्खं गाव त्या कागदाच्या तळाशी बसलेलं दिसतं. आमच्या मते तलवारीपेक्षा हे बघण्यासारखं आहे, पण आम्ही कागदवाले, आम्ही असंच म्हणणार.

कार्यक्रमांचं म्हणाल तर व्याख्यानं, नवीन कागदांवरची टिपणं, पुस्तक प्रकाशनं, आणि मोडीचे वर्ग. मंडळाचं त्रैमासिक पण आहे, जुने अंक वाचायला मिळाले तर जरूर वाचा, त्यात दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे अशा लोकांनी एका एका तारखेवरून जे काय वाद घातलेत ते वाचून आजच्या व्हॉट्सॲप इतिहासाची कीव येते. वेळापत्रक आम्ही इथे छापत नाही, ते बदलतं, जायच्या आधी फोन करून विचारा किंवा सरळ गेटवरचा बोर्ड वाचा. साधारणपणे 18 एप्रिल जागतिक वारसा दिन, 18 मे संग्रहालय दिन आणि 19 ते 25 नोव्हेंबर वारसा सप्ताह, या दिवसांत पुण्यातच काय सगळीकडे प्रदर्शनं आणि वाड्यांच्या, पेठांच्या सफरी असतात, तेव्हा डोळे उघडे ठेवा. व्याख्यानाला गेलात तर मागे बसू नका, पुढे बसा, आणि शेवटी प्रश्न विचारा. म्हातारे लोक खूप छान उत्तरं देतात, फक्त आपला प्रश्न छोटा ठेवायचा.

मोडी शिकायचं असेल तर खरंच शिका. सरकारच्या पुराभिलेख विभागाचे पण वर्ग आणि परीक्षा असतात. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायची घाई सुरू झाली आणि मोडी वाचणारा माणूस अचानक भाव खाऊ लागला, आम्हालाही तेव्हा श्वास घ्यायला वेळ नव्हता. त्यावरून एक स्पष्ट करतो, इतिहास मंडळ म्हणजे दाखला देणारं ऑफिस नव्हे. जातीची नोंद, जमिनीचा हक्क, वारस, याला लागतात त्या सरकारी दप्तरातल्या नोंदी आणि त्यांच्या सहीशिक्क्याच्या नकला, त्या तहसील, भूमी अभिलेख, नाहीतर पुराभिलेख विभागाकडे मिळतात. पुण्यात काउन्सिल हॉलजवळ जे पेशवे दप्तर आहे ते सरकारी, मंडळाचं नाही, लोक नेहमी गल्लत करतात. पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत, रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, आणि रियासतकार सरदेसायांनी 1930 च्या पुढे त्यातूनच निवडून 45 भाग छापले. आपल्या गावाचं नाव त्या छापील भागांत आहे का हे बघणं सगळ्यात सोपं आणि फुकट काम आहे, आमच्याकडे यायच्या आधी ते करा.

पुण्याबाहेरच्यांनी पुण्यालाच आलं पाहिजे असं अजिबात नाही. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, राजवाडे 1926 च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच गेले आणि त्यांचा संग्रह तिथे आहे. नगरला ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. आणि तंजावरहून आमच्याकडे विचारणा येतात त्यांना आम्ही सांगतो की अहो तुमच्या सरस्वती महालातच मोडीचे ढीग आहेत, आमच्याकडे कशाला कुरियर करता.

पुण्यात आलाच आहात आणि दिवस मोकळा असेल तर मंडळ करून केळकर म्युझियमला जा, शुक्रवार पेठेत. ती संस्था वेगळी, एका माणसाच्या हौसेतून झालेली, तिथे कागदापेक्षा दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्यं असं घरातलं सामान आहे. घरच्या बायकांना हे जास्त आवडतं असं लोक म्हणतात, आम्हाला विचाराल तर पुरुष पण अडकित्त्यांपाशी हलत नाहीत.

आता थोडं आमच्या कामाचं. कागद आणायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, फ्लॅश बंद, दिवसाच्या उजेडात, पूर्ण पान एकदा आणि मग तुकडे तुकडे. फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, लॅमिनेट केलेला कागद आम्ही वाचून देऊ पण तो परत कधी मोकळा होत नाही. उन्हात वाळवायचा नाही. घडी कडक झाली असेल तर उघडू नका, तशीच आणा. सफेद कापडात बांधून आणलंत तर उत्तम, आपले पूर्वज तेच करायचे.

तारीख आम्ही मुद्दाम दोन प्रकारे लिहून देतो. कागदात 'इहिदे सबैन अलफ' असं काही दिसलं तर घाबरू नका, तो सुहूर सन आहे, म्हणजे अरबी शब्दांत साल लिहायची जुनी पद्धत, एक, सत्तर, हजार, म्हणजे 1071, त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन, हे साल मृगाला बदलतं म्हणून एकचा फरक पडतो. हा कागद 1670-71 चा झाला. आमच्याकडून घेतलेल्या लिप्यंतरात हा हिशोब समासात असतो, तपासून घ्या.

आणि कागद मंडळाला द्यायचे असतील तर आमच्यामार्फत देऊ नका, स्वतः जा, स्वतःच्या नावाने द्या, पोच घ्या आणि कागद कुठल्या गावचे, कुणाच्या घरचे, कुठल्या ट्रंकेत होते हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत जोडा, कारण कागद कुठून आला हे माहीत नसेल तर त्याचा अर्धा उपयोग जातो. द्यायचे नसतील तरी हरकत नाही, मालक तुम्ही. निदान स्कॅनची एक कॉपी ठेवून घ्या असं तुम्ही मंडळाला सुचवू शकता. स्कॅन आम्ही करून देतो, त्याचे वेगळे पैसे लागतात, पानाच्या आकारावर आहे, आणून दाखवा मग सांगतो. सोमवारी दुकान बंद असतं.