ए-थ्री अहवाल

एखादा प्रश्न, त्याचे मूळ कारण, उपाय आणि पाठपुरावा हे सगळे 297 × 420 मिमीच्या, म्हणजे ए-थ्री आकाराच्या, एकाच कागदावर मांडण्याची टोयोटा कंपनीत रुजलेली पद्धत. ज्या गुणवत्ता चळवळीमुळे टोयोटाला 1965 मध्ये डेमिंग पारितोषिक हा जपानमधील गुणवत्तेचा सन्मान मिळाला, त्याच चळवळीत हिची मुळे आहेत. अनेक कारखान्यांत ती नुसता फॉर्म म्हणून वापरली जाते. तरुण अभियंत्यातून नेता घडवणे हे तिचे मोठे काम त्यामुळे बाजूला पडते.

कागदाच्या डाव्या अर्ध्यात पार्श्वभूमी, सद्यस्थिती, लक्ष्य व कारणमीमांसा येते. उजव्या अर्ध्यात उपाय, कोण काय कधी करणार याचे वेळापत्रक आणि पाठपुरावा. पार्श्वभूमीत हा प्रश्न कंपनीच्या वार्षिक उद्दिष्टाशी कसा जोडलेला आहे हे लिहावे लागते. हाच प्रश्न आधी का घ्यायचा, हा विचार अभियंता तिथे शिकतो.

सद्यस्थिती टेबलावर बसून लिहिता येत नाही. ‘बोअर (भागात कोरलेले गोल भोक) मोठा येतो’ एवढे पुरत नाही. कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, कितव्या नगापासून, हे मशीनपाशी उभे राहून टिपावे लागते. समजा, इन्सर्ट (टूलची बदलता येणारी कापणारी धार) बदलल्यानंतरचे पहिलेच नग बाद होतात. जुना इन्सर्ट झिजताना बोअर लहान होत जातो, म्हणून ऑपरेटर ऑफसेट (झीज भरून काढण्यासाठी मशीनमध्ये दिलेली मापाची दुरुस्ती) वाढवत नेतो. नवा इन्सर्ट लावल्यावर हा ऑफसेट शून्यावर आणला नाही, की बोअर मापाबाहेर जातो. ‘ऑपरेटरची चूक’ इथे थांबणारा अहवाल परत येतो. टूल बदलण्याच्या कार्यपद्धतीत ऑफसेट शून्य करण्याची पायरीच नव्हती, इथपर्यंत पोहोचावे लागते.

उपायांसाठी मेंटेनन्स, उत्पादन, खरेदी अशा विभागांची संमती आधी एकेकाला भेटून मिळवायची असते. या लोकांवर अभियंत्याचा अधिकार चालत नाही, म्हणून आकडे आणि समजूत यांवरच भिस्त. वरिष्ठाने उत्तर सांगायचे नसते, ‘हे कशावरून?’ असे विचारून कागद पुन्हा लिहायला लावायचा असतो. घाईत वरिष्ठच दुरुस्ती करून देतो, तेव्हा प्रश्न सुटतो पण माणूस घडत नाही.

उपाय आधी ठरवून कारणे मागाहून जुळवणे, ‘प्रशिक्षण दिले’ हाच उपाय लिहिणे, या नेहमीच्या चुका. सर्वांत घातक म्हणजे पाठपुराव्याचा रकाना कोरा राहणे: रिजेक्शन (बाद नगांचे प्रमाण) खरेच घटले का, हे मोजलेच जात नाही.