दोन जीबीच्या मोबाइलवर पायथन

नागपूरच्या बर्डीवरून सेकंडहँड घेतलेल्या २ जीबी रॅमच्या अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्समध्ये (मोबाइलवर कमांड टाइप करून प्रोग्राम चालवायचं ॲप) पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आरामात सुरू होते. छोटे प्रोग्राम तर लॅपटॉपसारखेच चालतात. त्रास होतो तो डेटा भरायला घेतल्यावर.

समजा, नागपूरचं तापमान वर्षभर दर मिनिटाला नोंदवलं. झाल्या ५,२५,६०० नोंदी. ४५.३ सारखी एक संख्या नेहमीच्या ६४-बिट पायथनमध्ये २४ बाइट खाते. त्यातले आकड्याचे फक्त ८. उरलेल्या १६ बाइटमध्ये ही वस्तू कोणत्या प्रकारची आणि सध्या किती ठिकाणी वापरात आहे, याचा हिशेब असतो. लिस्टमध्ये, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या यादीत, तिचा पत्ता ठेवायला आणखी ८. म्हणजे नोंदीमागे ३२ बाइट, वर्षाचे साधारण १७ एमबी. एवढं खपून जातं हो! पण विदर्भातल्या ३० ठिकाणांच्या नोंदी एकदम उघडल्या की ५०० एमबीच्या वर गेलंच.

कॉम्प्युटर अशा वेळी जास्तीचा डेटा डिस्कवर सरकवतो. मोबाइलची फ्लॅश मेमरी, म्हणजे फाइली साठवायची जागा, सतत लिहून लिहून झिजते, म्हणून अँड्रॉइड बहुधा रॅममधलाच डेटा दाबून बसवतो. तेही पुरेनासं झालं की सरळ प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, मारतो, मागे पडलेली ॲप्स आधी. टर्मक्समध्ये ‘सिग्नल ९’, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीनं मारल्याची खूण, दिसला, तर संशय रॅमवर घ्यावा.

दोष फोनला देण्याआधी लिस्ट बघावी. ४५.३ ऐवजी ४५३ लिहिलं की दशांश चिन्ह गेलं आणि आकडा २ बाइटच्या पूर्णांकात मावला. पायथनसोबतच येणाऱ्या ॲरे या मॉड्यूलमध्ये (तयार कोडच्या संचात) हे आकडे एकाला एक चिकटून बसतात. तीसही ठिकाणं ३२ एमबीत. नुसतं कमाल तापमान हवं असेल तर तेवढंही नको. फाइल ओळीओळीनं वाचायची, आतापर्यंतचा मोठा आकडा जवळ ठेवायचा, बाकी सोडून द्यायचं. माझ्या मते नवा फोन घेण्याआधी हे करून बघण्यासारखं आहे.

मुळात भाषाच हलकी असावी, हा विचारही जुनाच. बटणांच्या मोबाइलसाठी सन या कंपनीनं जावा भाषा चालवणारं जे छोटं आभासी यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअर, बनवलं, त्याच्या केव्हीएम या नावातला ‘के’ किलोबाइटचा. ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेल्या लुआ भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे तिचे प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम, आजही काहीशे केबीचा आहे. मायक्रोपायथन हा छोट्या चिपसाठीचा पायथन तर १६ केबी रॅमवर चालतो, अर्थात पायथनची बरीच लायब्ररी बाहेर ठेवून.

मे महिन्यात आपल्याकडे एक वेगळाच घोळ होतो. दुपारी स्लॅबखालच्या खोलीत फोन तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. प्रोग्राम रखडतो, पण बंद पडत नाही. त्यावर ॲरे वापरून फार फरक पडणार नाही; फोन कव्हरमधून काढून कूलरसमोर ठेवावा, पाण्याचे तुषार लागणार नाहीत इतपत लांब.