गणपतराव देशमुख

गणपतराव अण्णासाहेब देशमुख (१० ऑगस्ट १९२६ – ३० जुलै २०२१) हे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून ते अकरा वेळा महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. कार्यकर्ते आणि मतदार त्यांना ‘आबासाहेब’ म्हणत. त्यांचे मूळ गाव मोहोळ तालुक्यातील पेनूर. कायद्याचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी सांगोल्याला कार्यक्षेत्र केले.

१९६२ साली ते पहिल्यांदा आमदार झाले. १९६७ मध्ये जागा राखली, १९७२ मध्ये मात्र पराभव झाला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी ती परत मिळवली आणि पुढे १९७८, १९८०, १९८५ व १९९० अशा सलग निवडणुका जिंकल्या. १९९५ साली काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. १९९९ ते २०१४ या काळातल्या चारही निवडणुका पुन्हा देशमुखांच्या. या कारकिर्दीचा विचार करताना अकराच्या आकड्याइतकेच या दोन पराभवांकडेही पाहायला हवे. सांगोला ही बिनधोक जागा कधीच नव्हती. दोन्ही वेळा मतदारांनी त्यांना घरी बसवले आणि दोन्ही वेळा पुढच्या संधीला परत बोलावले.

पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी पक्ष बदलला नाही. शेकाप एके काळी राज्यातला प्रमुख विरोधी पक्ष होता. नंतर त्याचे बळ रायगडसारख्या मोजक्या भागांपुरते उरले. १९७७-७८ मध्ये देशमुख विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७८ साली शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ साली विलासराव देशमुखांच्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी सरकारात ते मंत्री झाले. २००२ मध्ये शेकापने आघाडीचा पाठिंबा काढला. एवढ्या दीर्घ कारकिर्दीत सत्तेची वर्षे थोडी आणि विरोधी बाकांवरची कितीतरी जास्त. सभागृहात ते रोजगार हमी, दुष्काळ, शेतीमालाचे भाव आणि पाटपाणी यांवर अभ्यासपूर्वक बोलत. मतदारसंघाचे मंत्रिपदावाचून अडत नाही, हे त्यांनी दाखवले, असे म्हणता येईल.

या विजयांचे मूळ सांगोल्याच्या कोरड्या जमिनीत शोधावे लागते. माण नदीच्या खोऱ्यातला हा तालुका कायमचा अवर्षणप्रवण. कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे म्हणून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीच्या पाणी परिषदांमधून जी चळवळ उभी राहिली, तिच्यात देशमुख अग्रभागी होते. टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांसाठी त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. सांगोल्यातील शेतकरी सहकारी सूतगिरणी हे त्यांचे दुसरे मोठे काम. कमी पाण्यावर येणाऱ्या डाळिंबाने याच तालुक्याला पुढे ओळख दिली. एसटीने प्रवास करणारा, साधा राहणारा आमदार ही त्यांची प्रतिमा राज्यभर पोचली आहे, पण नुसत्या साधेपणावर कोणी अकरा वेळा निवडून येत नाही. पाण्याचा प्रश्न त्यांनी एका निवडणुकीपुरता हाती घेतला नव्हता, हे लोकांना ठाऊक होते.

२०१४ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी, ते अखेरचे निवडून आले. त्या विधानसभेत शेकापचे तीनच आमदार होते. २०१९ मध्ये वयोमानामुळे ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख यांना उमेदवारी मिळाली, पण शिवसेनेचे उमेदवार झालेल्या शहाजीबापू पाटलांनी ही जागा ७६८ मतांनी जिंकली. आबासाहेबांच्या हयातीतली सांगोल्याची ही शेवटची विधानसभा निवडणूक. सोलापूर येथे उपचार सुरू असताना त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंचा पराभव करून सांगोला परत घेतले. त्या निवडणुकीत शेकापला राज्यभरात मिळालेली ही एकमेव जागा होती.