साठीनंतरचा गळा दौऱ्यावर निघतो तेव्हा

एखादा जुना, लाडका गायक दहा-पंधरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा मैफिलींचा दौरा जाहीर करतो, तेव्हा पहिली शंका ठरलेली असते: आवाज राहिलाय का? तयारी करून उतरलेला कसलेला गायक पहिली रात्र बहुधा निभावून नेतोच. मला जास्त उत्सुकता असते ती चौथ्या आणि दहाव्या रात्रीची. तिचं उत्तर बरंचसं दौऱ्याच्या वेळापत्रकात असतं.

स्वरयंत्रात समोरासमोर दोन स्वरतंतू असतात. पुरुषांत त्यांची लांबी साधारण दोन सेंटिमीटर, स्त्रियांत त्याहून कमी. आत स्नायू, त्यावर एक लिबलिबीत थर आणि सर्वांत वर पातळ आवरण, अशी त्यांची घडण आहे. जपानी स्वरतज्ज्ञ मिनोरु हिरानो यांनी १९७०च्या दशकात तिचा उलगडा केला. फुप्फुसातली हवा वर आली की हा मऊ थर आतल्या स्नायूवरून लाटेसारखा सरकतो, दोन्ही कडा एकमेकींवर आपटतात आणि स्वर उमटतो. ४४० हर्ट्झचा स्वर म्हणजे सेकंदाला ४४० वेळा आपटणं. दोन तासांच्या कार्यक्रमातून वाद्यांचे तुकडे, गप्पा, टाळ्या वजा करून प्रत्यक्ष गाणं तासभर धरा आणि सरासरी स्वर ३०० हर्ट्झचा धरा. एका रात्रीत त्या इवल्याशा कडा १० लाख ८० हजार वेळा भिडतात. हा मार मोजता येतो. अमेरिकी शास्त्रज्ञ इंगो टिट्झे आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी आवाजाच्या ‘मात्रे’ची कल्पना मांडली आणि रुजवली.

वय वाढतं तसा आतला स्नायू बारीक होतो आणि वरच्या थराचा लवचीकपणा कमी होतो. स्वरयंत्राच्या कूर्चाही हळूहळू हाडासारख्या कडक होतात. घशात दुर्बीण घालून, कंपनांच्या वेगाशी जवळपास जुळणाऱ्या लुकलुकत्या प्रकाशात पाहिलं की स्वरतंतूंची हालचाल संथ दिसते. तरुण गळ्यात दोन्ही कडा सरळ रेषेत मिटतात. वयस्क गळ्यात त्या धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसतात आणि मिटतानाही मधे एक निमुळती फट उरते. त्या फटीतून हवा निसटते, आवाजात फुसफुस येते आणि तान अर्ध्यावर आली की दम संपतो. मग गायक नकळत जोर लावतो. वरच्या बाजूचे खोटे स्वरतंतू (एरवी स्वर न काढणाऱ्या घड्या) आत दाबले जातात आणि गाणं घशातून ओढल्यासारखं होतं. (स्वतःचं स्वरयंत्र आरशात पाहण्याची युक्ती १८५४ मध्ये ज्याने शोधली तो मान्वेल गार्सिया डॉक्टर नव्हता, गायनाचा शिक्षक होता. तो १०१ वर्षं जगला.)

दमसासही पूर्वीसारखा राहत नाही. छातीचा पिंजरा ताठरतो, श्वास सोडल्यावर आत अडकून राहणारी हवा वाढते आणि वापरायला मिळणारी हवा तेवढी घटते. आधीच हवा कमी, त्यात फटीतून गळती. गाजलेल्या गाण्यातली जी ओळ पंचविशीत एका श्वासात यायची, तिच्यात आता श्वास घ्यायची जागा शोधून ठेवावी लागते. जाणकार गायक ती शब्दांच्या अशा खाचेत लपवतात की श्रोत्याला कळतही नाही.

या सगळ्यावर सरावाने बरीच मात करता येते. नळीतून हवा सोडत गुणगुणण्याचे व्यायाम स्वरतंतूंवरचा आघात कमी ठेवून त्यांना काम देतात. शिवाय कमावलेल्या आवाजाची एक खुबी वयाला सहज हार जात नाही. स्वीडनचे योहान सुंडबर्ग यांनी दाखवून दिलं, की ऑपेराचे गायक घसा आणि तोंडाची पोकळी अशी बेतून घेतात की ३,००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला धार येते. वाद्यवृंदाचा भर खालच्या पट्ट्यात असल्याने तो आवाज वाद्यांमधून आरपार जातो. हे काम ताकदीचं कमी आणि कसबाचं जास्त.

दुरुस्तीचा वेग मात्र सरावाने फारसा वाढत नाही. जोरकस कार्यक्रमानंतर स्वरतंतूंच्या कडा थोड्या सुजतात. सुजलेली कड जड होते, आणि सर्वांत आधी जातात ते वरचे, हळुवार स्वर. मोठ्याने गाताना ही सूज लपून राहते. म्हणून अनुभवी गायक सकाळी उठल्यावर तार सप्तकात अगदी हलक्या आवाजात एखादी ओळ म्हणून पाहतात. स्वर लगेच लागला तर ठीक. हवेचा झोत आधी आणि स्वर मागून आला, तर गळा अजून सावरलेला नाही. अशा वेळी एक दिवसाची सुट्टी कुठल्याही काढ्यापेक्षा भारी. आयोजकाचं गणित वेगळं असतं. वाद्यं, माणसं, सामानाचे ट्रक रोज पैसा खातात, त्यामुळे रिकामी तारीख त्याच्या डोळ्यात सलते. मग स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं जातं. त्याने सूज उतरते, पण इजा बरी होत नाही. कडेतली बारीक रक्तवाहिनी फुटली तर पूर्ण मौनाला पर्याय नसतो. ब्रिटिश गायिका अॅडेलला २०११ मध्ये गळ्यातल्या रक्तस्रावामुळे दौरा सोडून शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, तेव्हा ती अवघी २३ वर्षांची होती.

प्रवासाचा जाचही आहेच. विमानात हवेची आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या खाली असते आणि कोरड्या स्वरतंतूंना हलवायला जास्त दाब लागतो. प्यायलेलं पाणी थेट त्यांना भिजवत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. शरीरभर मुरून मगच त्याचा फायदा होतो. म्हणून रंगमंचावर बाटली तोंडाला लावण्यापेक्षा दिवसभर पाणी पीत राहणं कामाचं. त्यात वयाबरोबर कान मंदावतात. भोवती गोंगाट असला की माणूस आपोआप आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोम्बार यांनी १९११ मध्येच नोंदवलं होतं. स्वतःचा आवाज नीट ऐकू न येणारा गायक असाच गळा फोडून घेतो. कानातल्या छोट्या स्पीकरांनी हे बरंच टळतं.

पट्टी उतरवली की चाहते कुरकुरतात. मला तो तक्रारीचा विषय वाटत नाही. दोन अर्धस्वर खाली आलं की ४४० हर्ट्झचा स्वर ३९२ वर येतो, म्हणजे सेकंदाला ४८ आघात कमी. पण ते फुकट मिळत नाही. छातीतल्या (खालच्या, भरदार) आवाजातून डोक्यातल्या (वरच्या, पातळ) आवाजात जाण्याचं वळण गाण्यात दुसऱ्याच शब्दावर येतं आणि चाळीस वर्षांची स्नायूंची सवय मोडावी लागते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा आवाज सहसा खाली सरकतो, त्यामुळे त्यांना खालची पट्टी पेलते. पुरुषांचा उतारवयात उलट थोडा वर जातो. तरी तारेचे स्वर हातचे जातात ते जातातच.

कॅनडाचे कवी-गायक लिओनार्ड कोहेन यांनी हा पेच फारसा येऊच दिला नाही, कारण त्यांचं गाणं मुळातच खर्जात, बोलण्याच्या अंगाने चालायचं. पंधरा वर्षांच्या खंडानंतर, २००८ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी त्यांनी कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या लहानशा नाट्यगृहातून सुरुवात केली आणि पुढे मोठी मैदानं गाठली. सप्टेंबर २००९ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात ते रंगमंचावर कोसळले. गळ्याचा दोष नव्हता; कारण अन्नविषबाधेचं सांगितलं गेलं. तीनच दिवसांनी, ७५व्या वाढदिवशी, ते बार्सिलोनात गात होते.