एकाच मुलाला दोन्ही निदानं मिळायला २०१३ उजाडलं

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलाला एडीएचडी, म्हणजे अवधान न टिकणं आणि अतिचंचलता हा विकारही असू शकतो, हे आज बालविकासतज्ज्ञ सहज सांगतात. २०१३ पर्यंत मात्र कागदावर तसं लिहायची सोय नव्हती. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे 'डीएसएम'च्या चौथ्या आवृत्तीत, ऑटिझमचं निदान झालं की एडीएचडीचं वेगळं निदान करायचं नाही, असा दंडकच होता. मूल जागेवर बसत नाही, हातातलं काम अर्धवट सोडतं? तेही ऑटिझमच्याच खात्यात जमा.

यातला चंचलतेचा धागा जुना. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्यानं दिली. बुद्धी चांगली, पण स्वतःला आवरता येत नाही, अशा मुलांबद्दल ते बोलले. त्यांनी त्याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं, तरी कारण शारीरिक असावं असा त्यांचा कयास होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूला सूज आणणारी साथ पसरली. तिच्यातून वाचलेली काही मुलं कमालीची अस्वस्थ आणि उतावळी झाली, तेव्हा संशय मेंदूवरच पक्का झाला.

औषध सापडलं ते अपघाताने. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर वर्तनसमस्या असलेल्या मुलांचं रुग्णालय चालवत. मेंदूचा एक्स-रे नीट दिसावा म्हणून त्या काळी कण्यातून द्रव काढून हवा भरत, आणि मग मुलांचं डोकं असह्य दुखे. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखी काही फारशी हटली नाही, पण मुलं अभ्यासाला लागली! १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत ३० पैकी १४ मुलांच्या अभ्यासात ठळक फरक दिसला. मुलं त्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणत. एवढं हाती लागूनही पुढची बरीच वर्षं त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. निदानपुस्तिकेच्या १९६८ च्या आवृत्तीतही भर हालचालींवरच होता. कॅनडात व्हर्जिनिया डग्लस यांनी अडचण अवधानात आहे हे दाखवल्यानंतर, १९८० मध्ये, तो बदलला.

ऑटिझमची गोष्ट जास्त कडू आहे. मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२० च्या दशकातच सहा मुलग्यांचं बारकाईने वर्णन केलं होतं, पण नाव झालं ते बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांचं. १९४३ च्या लेखात त्यांनी ११ मुलं नोंदवली. माणसांत न रमणारी, रोजच्या क्रमात जरा बदल झाला की कासावीस होणारी. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांचा चार मुलग्यांवरचा लेख आला. ही अवस्था जन्मजात असल्याचं कॅनर यांनी लिहिलं होतं, पण पालक कोरडे आहेत अशीही टिप्पणी केली होती. लोकांनी नेमकी तीच उचलली. पुढची दोन दशकं 'थंड आई'ला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात गेली. ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील आणि मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये या मताची चिरफाड केली. मग १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकबीज, म्हणजे जनुकं सारखी असलेल्या, ११ जोड्यांपैकी चारमध्ये दोन्ही भावंडांना ऑटिझम होता, द्विबीज १० पैकी एकाही जोडीत नव्हता. नमुना लहान, पण आनुवंशिकतेकडे बोट दाखवायला पुरेसा.

लसींचा वाद इथे एका वाक्यात आटोपतो: लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा १९९८ चा १२ मुलांवरचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, आणि मधल्या काळात अनेक संशोधकांचा वेळ तो खोडून काढण्यात गेला.

ऑटिझम हा विकासाच्या सगळ्याच अंगांना व्यापणारा विकार मानला गेल्याने चंचलता त्याच्या पोटात घालणं पुस्तिकेला सोयीचं वाटलं असावं. सोयीची ती विभागणी संशोधनातही उतरली. १९९९ मध्ये एडीएचडीवरचा ५७९ मुलांचा मोठा अमेरिकन अभ्यास आला, पण ऑटिझम असलेल्या मुलांना मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं नेहमीचं उत्तेजक औषध कितपत लागू पडतं हे त्यावरून कळणार नव्हतं. ऑटिझम आणि संबंधित विकार असलेल्या ७२ अतिचंचल मुलांवरची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे नियम बदलायच्या आठ वर्षं आधी. मिथाइलफेनिडेटचा गुण जवळपास निम्म्यांना आला, आणि १८ टक्के मुलांचं औषध दुष्परिणामांमुळे थांबवावं लागलं. केवळ एडीएचडी असलेल्या मुलांत सहसा याहून अधिक जणांना गुण येतो आणि औषध सोडावं लागणारे कमी असतात.