दुकान आहे, घर नाही: टीव्हीच्या विनोदातला मुसलमान आणि खान्देश

टीव्हीवरच्या विनोदी मालिकांत मुसलमान कसा दाखवतात, हा विषय निघाला की वाद लगेच एकाच जागी जाऊन थांबतो: चांगला दाखवला की वाईट? खान्देशातून पाहताना मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. तो राहतो कुठे? मालिकेत त्याला घर आहे का? घरात बायको-पोरं, म्हातारे आईवडील, उधारी, रुसवेफुगवे आहेत का? की तो फक्त गल्ल्यामागे उभा आहे?

दूरदर्शनवरचा 'नुक्कड' (१९८६) पुष्कळांना आठवत असेल. त्यातले कादरभाई हॉटेल चालवतात आणि नाक्यावरची सगळी मंडळी त्यांच्याकडे जमते. तिथं मुसलमान दुकानदार आहे, पण त्यात खटकण्यासारखं काही नाही, कारण त्या नाक्यावर कोणाचंच घर धड नाही. सायकल दुरुस्त करणारा, भीक मागणारा, इलेक्ट्रिशियन, सगळे रस्त्यावरचे. कादरभाई त्यांच्यातलेच एक, उलट चार पैसे राखून असलेले. गरिबीच्या त्या पातळीवर सगळे सारखे होते, आणि ती मालिका एवढी जवळची वाटली त्याचं एक कारण हेच असावं.

१९९३ मध्ये 'देख भाई देख' आली तोवर विनोदाने नाका सोडून बंगल्यात मुक्काम केला होता. मोठं एकत्र कुटुंब, दिवाणखाना, जिना. त्या घरात करिमा होता, घरचा नोकर. लाडका, विसराळू, सगळ्यांना हसवणारा. त्याच वर्षाच्या सुमारास आलेली 'ज़बान संभाल के' ही १९७७ च्या 'माइंड युअर लँग्वेज' या ब्रिटिश मालिकेवरून घेतलेली. मूळ मालिकेत भाषा शिकायला आलेल्या वर्गात पाकिस्तानी मुसलमान आणि शीख यांची जुगलबंदी हा हुकमी मसाला होता. माणसाला त्याच्या उच्चारावरून आणि टोपी-पगडीवरून ओळखायचं आणि त्यावरच हसायचं, ही सवय दोन्ही देशांत एकाच वाटेने आली. टोपी, सुरमा, 'मियाँ', 'अल्ला कसम' एवढं साहित्य असलं की पात्र तयार, असा समज लेखकांच्या डोक्यात घट्ट बसला तो या दशकात.

मग आली 'तारक मेहता का उल्टा चश्मा'. पहिला भाग २८ जुलै २००८ ला लागला. खान्देशातल्या घराघरांत रात्री साडेआठच्या जेवणाबरोबर ती रुजली, आणि मुसलमान वस्त्यांतही तेवढ्याच आवडीने पाहिली गेली. तिच्यातला एक निर्णय मात्र इतक्या वर्षांनंतरही वादात आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा त्यातच आहे.

गोकुलधाम सोसायटीची ओळखच मुळी 'छोटा भारत' अशी करून दिली जाते. कच्छी गुजराती आहे, मराठी मास्तर आहे, शीख नवरा आणि पारशी बायको आहे, तमिळ शास्त्रज्ञ आणि त्याची बंगाली बायको आहे, बिहारी डॉक्टर आहे. प्रत्येकाच्या दाराला पाटी आहे. आणि मुसलमान आहे अब्दुल. त्याचं जनरल स्टोअर आहे. रात्री पुरुष मंडळी त्याच्याकडे सोडा प्यायला जमतात. पण फ्लॅटवाल्यांत तो नाही.

या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की अब्दुल सगळ्यांचा लाडका आहे, सणावारी तो असतोच, अडचणीत धावून जातो, त्याच्याशी कोणी वाईट वागत नाही, मग तक्रार कसली? यातलं एकही विधान खोटं नाही. पण लाडकं असणं आणि शेजारी असणं यात फरक आहे. शेजाऱ्याशी भांडता येतं. पार्किंगवरून, पाण्यावरून, पोराने काच फोडली म्हणून. गोकुलधाममधला विनोद बहुतेक अशाच भांडणांतून निघतो: मास्तरांच्या स्कूटरवरून, आवारातल्या क्रिकेटवरून, सोसायटीच्या मीटिंगवरून. भांडण्याचा हक्क फ्लॅटबरोबर येतो. अब्दुलला फ्लॅट नाही, म्हणून त्याला भांडण नाही, म्हणून त्याच्यावर रचलेली गोष्टही क्वचितच. त्याच्या वाट्याला येतं ते सज्जन असणं आणि सोड्याच्या बाटल्या उघडणं.

मालेगावात, धुळ्यात, जळगावात राहणाऱ्याला हे चित्र ओळखीचं वाटतं आणि म्हणूनच जास्त टोचतं. मोसम नदी मालेगावच्या मधून जाते; पूर्वेला बहुतेक मुसलमान वस्ती, पश्चिमेला बहुतेक हिंदू. दिवसा व्यवहार दोन्ही तीरांवर चालतो. कापड, कांदा, टायर, डाळिंब, दवाखाना. रात्री ज्याचा तो आपापल्या काठाला. नव्या कॉलन्यांमध्ये फ्लॅट दाखवण्याआधी आडनाव विचारलं जातं, हे इथं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. लेखकांनी मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही. शहरांत जे चालतं तेच त्यांच्या हातून कागदावर उतरलं. पण सोसायटीला छोटा भारत म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि एकदा ते ठरवलं की दाराची पाटी कोणाला द्यायची हा निर्णय नकाशा काढण्यासारखा होतो. नकाशातून सुटलेलं गाव रस्त्यावर असलं तरी शोधणाऱ्याला सापडत नाही.

याचा पुढचा परिणाम त्या मालिकेच्या हातात नव्हता, पण तो झाला. गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवर 'अब्दुल' हे नाव अख्ख्या समाजाला हिणवण्यासाठी वापरलं जातं, जोडीला 'पंक्चरवाला'. मुंबई-आग्रा महामार्ग मालेगाव आणि धुळ्यातून जातो, सुरत-नागपूर रस्ता धुळे-जळगावातून. त्या रस्त्यांवर रात्री दोन वाजता ट्रकचं चाक उघडणारी पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या शब्दातला अपमान कळतो. कष्टाच्या कामाला शिवी करणं हा विनोद नव्हे.

२००८ सालाला आणखी एक बाजू आहे. 'तारक मेहता' सुरू होऊन दोन महिने झाले आणि २९ सप्टेंबरला मालेगावच्या भिक्कू चौकात स्फोट झाला. त्याआधी ८ सप्टेंबर २००६ ला बडा कब्रस्तानाजवळचे स्फोट झाले होते. २००६ च्या प्रकरणात पकडलेल्या शहरातल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने आरोपमुक्त केलं ते २०१६ मध्ये. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं टीव्हीवर मालेगाव दिसलं ते बातम्यांत, 'संवेदनशील' या एका विशेषणासह. विनोदात सोडा देणारा भला माणूस, बातम्यांत संशयित. या दोन्हींच्या मधली जी चार लाख ऐंशी हजारांची वस्ती २०११ च्या जनगणनेने मोजली, तिच्यासाठी पडद्यावर जागाच नव्हती.

तिने ती स्वतः केली होती, आणि टीव्हीच्या आधीच केली होती.

मालेगाव तसं नाशिक जिल्ह्यात. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा नव्याने झाला तेव्हा हा भाग खान्देशातून तिकडे गेला. आसपासच्या गावांची बोली मात्र अहिराणीच राहिली. १८५७ नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर इथे स्थिरावले आणि हातमागाचे पुढे यंत्रमाग झाले. यंत्रमागाची सुटी शुक्रवारी, आणि सुटीच्या दिवशी करमणूक म्हणजे सिनेमा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या एका तरुणाने मित्रांना गोळा करून २००० साली सुमारे पन्नास हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' काढला. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले, बसंतीची बासमती झाली. पुढे त्याच मंडळींनी सुपरमॅन आणला: यंत्रमागावर काम करणारा काडीपैलवान, ज्याची लढाई तंबाखू-गुटख्याच्या खलनायकाशी. ती भूमिका करणारा कलाकार स्वतः पुढे तोंडाच्या कर्करोगाने गेला.

या चित्रपटांत 'मुस्लिम पात्र' शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. करणारे जवळपास सगळे मुसलमान, पाहणारे बहुतांश मुसलमान, आणि पडद्यावर टोपीवर, दाढीवर, बिर्याणीवर बेतलेला विनोद जवळजवळ नाही. हसू आहे ते वीज जाण्यावर, उघड्या गटारांवर, तंबाखूवर, स्वतःच्या बारीक दंडांवर. स्वतःच्या गल्लीत माणूस स्वतःला समाज म्हणून पाहत नाही. तो उकाड्याने वैतागलेला, मजुरीची वाट पाहणारा, सिनेमाचं वेड असलेला माणूस असतो. मुंबईतल्या लेखनाच्या खोल्यांना अजून न सापडलेली गोष्ट हीच आहे.

टीव्हीने या मंडळींची दखल घेतली नाही असंही नाही. २०१० मध्ये एका हिंदी विनोदी वाहिनीवर 'मालेगाव का चिंटू' आली, 'मिस्टर बीन'च्या वळणाची. शहराचं नाव शीर्षकात आलं, देशभर पोहोचलं, गावात आनंद झाला. तो आनंद खरा होता. मला मात्र वाईट वाटतं की धडपडण्या-पडण्याच्या विनोदाकडे वळताना मालेगावचा सर्वांत मोठा ठेवा, म्हणजे तिथलं 'मेरेकू-तेरेकू'चं बोलणं, त्यातली उर्दूची फेक आणि अहिराणीचा हेल, मागे सरकला. वाहिनीला मालेगावची कारागिरी हवी होती. मालेगावचा मोहल्ला हवा होता का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

२०१६ नंतर मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला आणि टीव्हीची गरजच कमी झाली. त्याच परंपरेतल्या पोरांनी युट्यूबवर 'खान्देश'चं नाव लावून दादा उभा केला: ठेंगणा, रुबाबदार, चार पोरांना हुकूम सोडणारा. कांद्याच्या शेतात, टपरीवर, पाणीपुरीच्या गाडीशेजारी चित्रीकरण. कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं, शिरपूरच्या पाटलांच्या घरातही आणि बिहारमध्येही. त्या दादाच्या धर्माची चौकशी न करता लोक हसले. यातला पुष्कळसा विनोद कलाकाराच्या उंचीवर उभा आहे आणि तो मला आवडत नाही. तरीही मुसलमान कलाकार सगळ्या गोष्टीच्या मध्यभागी, मालक, दादा म्हणून उभा आहे आणि ते कोणाला खटकत नाही, एवढं या व्हिडिओंनी करून दाखवलं. टीव्हीला पंचवीस वर्षांत ते जमलं नव्हतं.

फक्त 'आपल्याच माणसांनी केलं' म्हणून सगळं सुटतं असं मानणंही चुकीचं. कॅनडात २००७ मध्ये 'लिटिल मॉस्क ऑन द प्रेअरी' आली, लहान गावात चर्चच्या जागेत भाड्याने चालणाऱ्या मशिदीची गोष्ट. कल्पना एका मुस्लिम महिलेची, आणि पात्रं आपसात भांडणारी: वकिली सोडून आलेला तरुण इमाम, त्याच्याशी न पटणारा सनातनी म्हातारा, स्त्री-हक्काची बाजू मांडणारी डॉक्टर. ती २०१२ पर्यंत टिकली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 'सिटिझन खान' आली, तीही एका मुस्लिम कलाकाराचीच. बर्मिंगहॅममधला बढाईखोर बाप, चिक्कू, स्वतःला समाजाचा पुढारी म्हणवणारा. पहिल्याच भागानंतर प्रेक्षकांच्या तक्रारींचा पाऊस पडला, कारण नटलेली मुलगी बापाची चाहूल लागताच हिजाब ओढून कुराण वाचायला बसते असं त्यात दाखवलं होतं. मालिका मात्र २०१६ पर्यंत चालली. मला त्यात जुन्या साच्याचा वास येतो. पण त्या बापाला घर आहे, सासू आहे, स्वयंपाकघर आहे, आणि आवडला नाही तरी तो माणूस म्हणून पुरेपूर समोर उभा राहतो.

मराठी विनोदी कार्यक्रमांत 'चाचा' येतो तो ठरलेला: चौकडी लुंगी, गळ्यात रुमाल, मोडकी हिंदी. खान्देशात राहणाऱ्याला हे विशेष विचित्र वाटतं. यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी आहेत, आदिवासी आणि मुसलमान दोन्ही. गावोगाव कापूस पिंजणारे पिंजारी होते, बांगड्या भरणारे मण्यार, भाजीवाले बागवान. यांच्यातले कितीतरी जण घरात, शेतात, बाजारात अस्सल अहिराणी बोलतात. यांना मोडकी हिंदी बोलायला लावणं म्हणजे त्यांची बोली हिरावून घेणं. शेजारच्या वऱ्हाडात 'मिर्झा एक्स्प्रेस' हा एकपात्री कार्यक्रम एका मुस्लिम कवीने अस्सल वऱ्हाडीत अनेक वर्षं गाजवला. प्रेक्षक गावचे शेतकरी, विषय शेतीचे, आणि कवी कोण धर्माचा हे विनोदाच्या आड आलं नाही. तो नमुना डोळ्यांसमोर असताना मराठी वाहिन्यांचे लेखक लुंगी आणि रुमालाकडेच वळत राहिले.

घरच्या विनोदाचीही एक बाजू रिकामी आहे: बायका. मालेगावच्या जुन्या चित्रपटांत नायिका बाहेरगावाहून आणावी लागे, कारण शहरातली मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहणं घरच्यांना मान्य नव्हतं. टीव्हीवरच्या विनोदात मुस्लिम बाई आली तर बहुधा बुरख्यात, आणि बुरख्याखाली पुष्कळदा पळ काढणारा एखादा पुरुषच. ब्रिटनमध्ये २०२१ साली 'वी आर लेडी पार्ट्स' आली, मुस्लिम बायकांच्या पंक बँडची गोष्ट, आणि तिथल्या समीक्षकांनी ती उचलून धरली. आपल्याकडे बीडी वळणारी, शिवणकाम करणारी, डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवणारी बाई विनोदाची नायिका म्हणून लिहायला काय हरकत आहे? तिच्या घरात सासू आहे, लाइट बिल आहे, पोराच्या दहावीचं टेन्शन आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मालेगावच्या त्या मित्रांवरचा मोठा हिंदी चित्रपट चित्रपटगृहांत लागला; त्याआधी २०२४ मध्ये तो टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला होता. त्यात या पोरांना घरं आहेत, लग्नं आहेत, फसलेले धंदे आहेत, मैत्रीतली भांडणं आहेत. नट मुंबईचे आहेत. 'तारक मेहता' अजून रोज लागते, आणि अब्दुलचं दुकान तिथंच आहे.