तापवलेल्या स्लॅबचे इन्सुलेशन: कडेचे आणि खालचे

मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा कॅनडातील ऑन्टारिओ अशा कडक थंडीच्या प्रदेशांत तळघर न खोदता थेट जमिनीवर काँक्रीटचा स्लॅब ओतून त्यावर घर उभे करता येते, आणि त्या स्लॅबच्या पोटात प्लास्टिकच्या नळ्या घालून त्यांतून कोमट पाणी फिरवले की पायाखालूनच सारे घर ऊबदार राहते. तिकडे घर बांधणाऱ्या मराठी कुटुंबांना अंदाजपत्रकात ‘स्लॅब इन्सुलेशन’ एवढीच ओळ दिसली, तर त्यांनी ठेकेदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा: कडेचे की खालचे? स्लॅबच्या परिघाला लावायचे इन्सुलेशन आणि स्लॅबच्या संपूर्ण क्षेत्राखाली पसरायचे इन्सुलेशन ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्हींसाठी बहुधा एकाच जातीच्या फोमच्या शिटा वापरल्या जातात, त्यामुळे एक झाले की दुसरेही झाले असा समज सहज होतो.

आधी कडेचा विचार करू. काँक्रीट उष्णतेला फारच थोडा अडथळा करते. उष्णतेला होणारा रोध ‘आर’ या मापाने सांगतात; आकडा जितका मोठा, तितका रोध जास्त. एक इंच जाडीच्या काँक्रीटचा रोध साधारण आर-०.१ असतो, तर तेवढ्याच जाडीच्या एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन) फोमचा आर-५. साध्या घरात जमिनीलगतचा स्लॅब खोलीपेक्षा किंचित थंडच असतो, मात्र तापवलेल्या घरात तोच सर्वांत उष्ण भाग असतो. त्याचे तापमान २७ अंश सेल्सिअस आणि बाहेरची हवा उणे २४ अंश असेल, तर जोत्याशी उघड्या राहिलेल्या कडेवर ५१ अंशांचा फरक पडतो. स्लॅबच्या मध्याखालील माती ८-१० अंशांवर असेल, तर तिथला फरक १७ ते १९ अंशच भरतो. म्हणून चौरस फुटामागे कडेतून होणारी गळती खालच्या गळतीच्या कितीतरी पट असते, आणि थंडी जितकी वाढेल तितकी तीही वाढत जाते.

खालच्या बाजूची गळती संथ असली तरी ती फार मोठ्या क्षेत्रातून होते. १२ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद घराचा परीघ ४२ मीटर असतो, तर स्लॅबचे क्षेत्रफळ १०८ चौरस मीटर. हिवाळा पुढे सरकतो तशी मधल्या भागाखालची माती हळूहळू तापते आणि गळती मंदावते, हे खरे आहे. पण ती माती तापवण्याचा खर्च घरमालकाच्याच बिलातून झालेला असतो, आणि भूजलाची पातळी उंच असेल तर वाहते पाणी ती ऊब सतत ओढून नेते. शिवाय खाली फोम नसला की स्लॅबसोबत मातीचा जाड थरही तापावा लागतो, त्यामुळे थर्मोस्टॅट वाढवल्यावर खोलीत फरक जाणवायला बराच उशीर लागतो. ही दिरंगाई कडेच्या इन्सुलेशनने दूर होत नाही, आणि माझ्या मते खालच्या इन्सुलेशनच्या बाजूचा हा मुद्दा बिलाच्या बचतीइतकाच महत्त्वाचा आहे.

अमेरिकेतील अॅशरे या तापन व वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचे ९०.१ हे मानक स्लॅबची गळती परिघाच्या लांबीवरून मोजते. मेट्रिक मापांत सांगायचे, तर इन्सुलेशन नसलेल्या साध्या स्लॅबचा गुणांक परिघाच्या दर मीटरला, दर अंशाला सुमारे १.२६ वॉट धरतात. तोच स्लॅब तापवलेला असला तर २.३४. कडेला आर-१० चे इन्सुलेशन २४ इंच खोल लावले की हा आकडा १.५६ वर येतो, आणि कडेसह संपूर्ण तळाला आर-१० दिले तर ०.९५ वर. वरच्याच घरात आत-बाहेर ४५ अंशांचा फरक धरला, तर तापवलेल्या स्लॅबच्या या तीन स्थितींत गळती अनुक्रमे सुमारे ४,४२०, २,९५० आणि १,८०० वॉट होते. हिशेब परिघावरून मांडला जातो म्हणून सारी गळती कडेतूनच होते असे अनेकांना वाटते, पण शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवले की खालून किती ऊब जात होती हे स्पष्ट दिसते.

नियमावलीच्या भाषेनेही हा घोटाळा वाढवला आहे. अमेरिकेतील ऊर्जाबचत संहितेच्या २०१५ पर्यंतच्या आवृत्त्यांत, स्लॅब तापवलेला असेल तर कडेच्या इन्सुलेशनमध्येच आर-५ ची भर घालावी, असे घरांसाठी म्हटले होते. २०१८ पासून कडेचे इन्सुलेशन कायम ठेवून त्याशिवाय संपूर्ण स्लॅबखाली आर-५ द्यावे, असा नियम झाला. जुने नकाशे पुन्हा वापरले गेले की जुनाच अर्थ चालू राहतो. त्यात आणखी एक गुंता आहे: कडेचे इन्सुलेशन सरळ खाली न नेता काही अंतर आडवे, स्लॅबखाली आत वळवण्याचीही मुभा असते. अशी दोन किंवा चार फुटांची पट्टी स्लॅबखाली दिसली, तरी ती कडेचेच इन्सुलेशन असते. मधला सारा भाग तिच्यामुळे झाकला जात नाही. उलट संपूर्ण तळाला फोम पसरूनही स्लॅबची उभी कड थेट पायाच्या भिंतीला टेकवली, तर सर्वांत जास्त गळतीची वाट मोकळीच राहते. भिंत आणि स्लॅब यांच्यामध्ये फोमची उभी शीट हवीच, आणि ती वर दिसू नये म्हणून तिचे वरचे टोक ४५ अंशांत तिरपे कापण्याची परवानगी नियमावलीच देते.

स्लॅबखालचा प्लास्टिकचा कागद ओल अडवण्यासाठी असतो, उष्णता अडवण्यासाठी नव्हे. चकचकीत बुडबुड्यांचा फॉइलचा गुंडाळाही फोमची जागा घेऊ शकत नाही, कारण काँक्रीटखाली दबल्यावर परावर्तनासाठी लागणारी हवेची पोकळी उरत नाही.

पैसे अपुरे असतील तर कोणते काम आधी करावे? माझे मत खालच्या बाजूने आहे. काँक्रीट एकदा ओतले की तळाशी फोम घालण्याची संधी कायमची जाते. कड मात्र नंतरही बाहेरून खणून झाकता येते. त्यासाठी घराभोवती दोन ते चार फूट खोल चर घ्यावा, दोन इंची एक्सपीएस स्लॅबच्या वरच्या पातळीपासून खालपर्यंत सलग लावावा, आणि उन्हाने व गवत कापण्याच्या यंत्राने तो खराब होऊ नये म्हणून जमिनीवरचा भाग सिमेंटच्या लेपाने किंवा धातूच्या पत्र्याने झाकावा. फोमचे वरचे टोक भिंतीच्या आवरणाखाली फ्लॅशिंगने (पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्टीने) बंद करावे, नाहीतर पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यामागे शिरते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील वाळवीच्या प्रदेशांत मात्र जमिनीखाली फोम लावण्यावर निर्बंध असतात, तेव्हा तिथे चर खणण्याआधी स्थानिक बांधकाम विभागाकडे चौकशी करावी.